'व्हेंटिलेटर धूळ खात', भाऊ, बातमी लावा

परवा सकाळी चवदार तळ्याच्या पायरीवर टेकलो होतो. फिरायला आलेली मंडळी एकेक करून घरी निघाली होती. तेवढ्यात मोबाईलवर फोटो आला. आपल्याच भागातला एक दवाखाना, खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकलेला व्हेंटिलेटर, वर धुळीचा जाड थर. खाली मजकूर, 'भाऊ, बातमी लावा. लाखोंचं मशीन सडतंय.' दुपारपर्यंत तोच फोटो सात जणांनी पाठवला. रात्री एकाने विचारलं, 'गप्प बसायचे किती मिळाले?'

मिळालं काही नाही. पण बातमी अजून लावलेली नाही, हे खरं आहे. का नाही ते सांगतो. लांबेल, वेळ असेल तर वाचा.

ही बातमी मी एकदा लावली आहे. मे २०२१. मथळा हाच, 'व्हेंटिलेटर धूळ खात'. तीन कॉलम, फोटोसकट. मशीन किती, आली कधी, किंमत काय, लोकप्रतिनिधी काय म्हणाले, सगळं होतं. ती चालवणार कोण, याबद्दल शेवटच्या परिच्छेदात अडीच शब्द होते, 'तज्ज्ञ मनुष्यबळाअभावी'. बातमी गाजली. मला फोन आले, शाबासकी मिळाली. आणि ती बातमी लिहिताना खरं काय ते मला माहीत होतं. पंधराच दिवसांपूर्वी एका डॉक्टर मॅडमनी मला ते समोर बसवून समजावलं होतं.

माझे मामा पोलादपूर तालुक्यातले. सावित्रीच्या खोऱ्यात वाडी. वय ५८, गिरणी बंद पडल्यावर मुंबई सोडून गावी आलेले, अंगाने काटक. ११ एप्रिल २०२१ ला ताप आला. गावात तेव्हा घरटी कुणी ना कुणी खोकत होतं. सहाव्या दिवशी आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरी आल्या. बसल्या जागी आकडा ९४. मग त्यांनी मामांना अंगणात सहा मिनिटं चालवलं आणि परत मोजलं, तर ८९.

ताईंनी मला फोन केला. 'दादा, ह्यांना न्यायला हवं. ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला तर न्यायचं, असं आम्हाला सांगितलंय.'

मी मामांशी बोललो. आवाज ठणठणीत. 'काय रे पत्रकार, तुझ्या बातम्यांनीच निम्मे लोक आजारी पडतायत!' भाकरी खाल्ली होती, मामीवर ओरडत होते. मी ताईंना म्हटलं, 'बसल्यावर ९४ आहे ना, मग ठीक आहे. उद्या बघू.' दवाखान्यांतली गर्दी मी रोज बघत होतो, तिथे नेऊन उगाच जास्त आजार लागेल असं मला वाटलं. दहावी शिकलेल्या आशाताईंनी नियमाने जे बरोबर सांगितलं, ते मी, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला शहाणा, फोनवरच्या आवाजावरून खोडून काढलं. ते दोन दिवस माझ्या खात्यावर आहेत.

९४ ला एवढं काय घाबरायचं, असं तुम्हालाही वाटेल. पुढे कळलं ते असं. रक्तातला ऑक्सिजन आणि ऑक्सिमीटरचा आकडा बरोबरीने उतरत नाहीत. महाबळेश्वराकडून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना आधी बराच वेळ सपाटी लागते, गाडी आरामात चालते, आणि मग एकदम उतार. तसंच आहे हे. १०० पासून ९० पर्यंत सपाटी. रक्तातला ऑक्सिजन निम्म्याच्या जवळ येतो तरी आकडा थोडासाच हलतो. नव्वदीच्या खाली कडा. आणि माणसाला धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठला की. ह्या आजारात सुरुवातीला तो बाहेर पडत राहतो. म्हणून माणूस बोलतो, जेवतो, शिव्या देतो आणि आत ऑक्सिजन संपत असतो. सहा मिनिटं चालवायची ती याचसाठी. बसल्या जागी जे लपतं ते चालल्यावर उघडं पडतं.

सरकारी वर्गवारी तेव्हा तीन पायऱ्यांची होती. सौम्य म्हणजे ताप-खोकला आहे, पण दम नाही. मध्यम म्हणजे मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास, किंवा आकडा ९० ते ९३. गंभीर म्हणजे ३० च्या वर श्वास किंवा आकडा ९० च्या खाली. ही पाटी दवाखान्यात होती, मी तिचा फोटोही छापला होता. पायऱ्या नुसत्या कागदावरच्या नव्हत्या, औषध त्यांच्यावर ठरत होतं. डेक्सामेथासोन हे काही रुपयांचं जुनं स्टेरॉइड. इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने एक तृतीयांशाने कमी होतात आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही त्यांना मात्र फायदा नाही, झालं तर नुकसान. आपल्याकडे काय झालं आठवा. दुसऱ्या दिवशी ताप उतरेना म्हणून स्टेरॉइड सुरू, आणि खरी गरज असलेल्याचे नातेवाईक रेमडेसिविरच्या रांगेत. त्या रांगेत मीही होतो. ओळखी वापरून सहा कुप्या मिळवल्या आणि मोठा तीर मारल्यासारखा घरी आलो. जागतिक आरोग्य संघटनेने आदल्या नोव्हेंबरातच त्या इंजेक्शनची शिफारस नाही असं सांगितलं होतं. ही बातमीसुद्धा मीच कधीतरी आतल्या पानावर चिकटवली होती.

१९ तारखेला संध्याकाळी मामांना गाडीत घातलं. त्याच संध्याकाळी आपल्याच जिल्ह्यातल्या कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली होती. ती बातमी मी दवाखान्याच्या पोर्चमध्ये उभ्या उभ्या टाइप करून पाठवली. आत मामांना १५ लिटरचा पिशवीवाला मास्क लावला होता. आकडा ८८. श्वास मिनिटाला ३६.

आणि त्याच हॉलच्या टोकाला, प्लास्टिकखाली, एक व्हेंटिलेटर.

मी भडकलो. पत्रकार भडकतो तसा भडकलो, म्हणजे मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. 'मॅडम, मशीन समोर आहे आणि पेशंट मरतोय. लावत का नाही?' मॅडम असतील पस्तिशीच्या. सलग कितव्या तासाला होत्या कोण जाणे, मास्कचे वळ गालावर उमटलेले. त्या ओरडल्या नाहीत. मला बाजूच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, 'मोबाईल ठेवा, बसा. आता लावायचं म्हणताय ना, एकेक सांगते.'

आधी घशातून श्वासनलिकेत नळी घालायची. ते काम भूलतज्ज्ञाचं. ८८ वर असलेल्या माणसाला भूल दिली की आकडा काही सेकंदांत साठीत येतो. नळी पहिल्या प्रयत्नात बसली नाही तर तिथेच खेळ संपतो. त्या रात्री महाड-पोलादपूर पट्ट्यात त्यांना मिळेल असा भूलतज्ज्ञ नव्हता. नळी बसली असं धरू. आता मशीनला सांगायचं, एका श्वासाला किती हवा. तब्येतीवर ते ठरत नाही, उंचीवर ठरतं, कारण माणूस जाडा झाला तरी फुफ्फुस वाढत नाही. मामांची उंची १६५ सेंटीमीटर. त्या हिशेबाने वजन धरायचं साडेएकसष्ट किलो आणि किलोला ६ मिलिलिटर, म्हणजे साधारण ३७० मिलिलिटर. पूर्वी याच्या दुप्पट द्यायचे. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत कमी हवा दिलेल्यांत मृत्यू ३१ टक्के आणि जास्त दिलेल्यांत जवळजवळ ४० टक्के निघाले. कारण न्यूमोनियाने फुफ्फुसाचा बराच भाग पाण्याने भरलेला असतो, हवा जाते ती उरलेल्या लहान मुलाएवढ्या भागात. तिथे मोठ्या माणसाची हवा कोंबली की तोही फाटतो. म्हणून दाब मोजत राहायचा, तीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. श्वास सोडतानाही थोडा दाब राखायचा, नाहीतर फुगे मिटतात आणि परत उघडत नाहीत. यासाठी दर काही तासांनी रक्त तपासून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड बघायचा. ते मशीन इथे नाही. रुग्ण झोपेत ठेवायचा, त्याची औषधं पंपाने थेंबाथेंबाने. नळीतला कफ ओढायचा. आणि सगळं रात्रंदिवस.

'रात्री ह्या हॉलमध्ये दोन सिस्टर आहेत आणि बत्तीस पेशंट,' मॅडम म्हणाल्या. 'व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर लागते, फार तर दोघांत एक. मी तुमच्या मामांना मशीनवर घातलं तर बाकी एकतीस जणांना कोण बघेल? आणि लाइट गेली तर?'

मग एक वाक्य म्हणाल्या, ते मी तेव्हा छापायला हवं होतं. 'मशीन काही फुफ्फुस बरं करत नाही. शरीर बरं होईपर्यंत दिवस काढून देतं. ते दिवस माणसांनी काढायचे असतात.'

त्यांनी मामांना पालथं झोपवलं. छातीखाली उशा, नळ्या सांभाळून. मामा कुरकुरले, 'आयुष्यात असा झोपलो नाही.' अर्ध्या तासात आकडा ९२. पाठीकडचा भाग मोकळा होतो, रक्त आणि हवा यांची गाठ नीट पडते. नळीवरच्या अतिगंभीर रुग्णांना दिवसात १६ तासांच्या वर पालथं ठेवलं तर मृत्यू निम्मे होतात हे फ्रेंच डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं. जागं असताना पालथं झोपून काहींची नळी टळते. उशीला खर्च नाही. पण तिथेही उलटवायला माणसं लागतातच. बेशुद्ध, नळ्या लावलेला माणूस उलटवायला चार-पाच जण हवेत.

दोन दिवस असे गेले. २१ तारखेला वरच्या गावाला बेड मिळाला. वरचं गाव म्हणजे आपल्यासाठी पनवेलपलीकडे. इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आणि रस्ता कोणता ते तुम्हाला सांगायला नको, २०११ पासून आपण सगळे त्याच रस्त्यावर आहोत. ॲम्ब्युलन्सवाल्या पोराने हिशेब मांडला तो अजून पाठ आहे. लहान सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर. १५ लिटर मिनिटाला म्हणजे १०० मिनिटं. मोठ्यात सात हजार लिटर, म्हणजे पावणेआठ तास. लहान तीन मिळाले होते. पाच तास. वडखळला कोंडी लागली नाही तर पोचतो, लागली तर मास्क दहावर आणायचा. तो असं बोलत होता, जसं आपण डिझेलबद्दल बोलतो.

निघायच्या तयारीत असतानाच मोबाईलवर नाशिकची बातमी आली. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती, दाब पडला, २२ रुग्ण गेले. त्यातले बरेच जण व्हेंटिलेटरवर होते. म्हणजे मशीन होतं, माणसं होती, आणि पाइपातला दाब गेला. मी मामींना ते सांगितलं नाही. वडखळला पाऊण तास अडकलो. पोचलो तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. दुसऱ्या दिवशी मामांना नळी घातली. त्याच्या दुसऱ्या पहाटे विरारच्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाला आग लागून माणसं गेली. आम्ही बाहेर फूटपाथवर बसून छतातल्या एसीच्या डक्टकडे बघत होतो.

मामा ३ मे ला गेले. नळीवर अकरा दिवस. तिथल्या डॉक्टरांनी सगळं केलं, पालथंसुद्धा. दोन दिवस आधी आणलं असतं तर, हे त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, 'सांगता येत नाही.' सभ्य माणूस होता.

बातमी मी त्यानंतरच्या आठवड्यात लावली. राग कुठेतरी काढायचा होता आणि प्लास्टिकखालचं मशीन उलट उत्तर देत नाही. मॅडमनी मला फोन केला नाही. त्यांच्यावर मात्र वरून नोटीस आली, खुलासा मागवला गेला. पुढे त्या बदली घेऊन गेल्या. बातमीचा एकमेव ठोस परिणाम म्हणाल तर हा. महाड-पोलादपूरला नळी घालू शकणारा एक माणूसही त्याने वाढला नाही.

गंमत म्हणजे, मामांच्या फायलीत 'तीव्र' हा शब्द पहिल्यांदा आला तो वर गेल्यावर. तिथे रक्ततपासणी झाली, ऑक्सिजनचा आकडा भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण, उत्तर ८२. २०१२ च्या बर्लिन व्याख्येने ३०० च्या खाली सौम्य, २०० च्या खाली मध्यम, १०० च्या खाली तीव्र. तुमच्या-माझ्यासारख्याचं उत्तर साडेचारशेच्या आसपास येतं. पण त्या व्याख्येत एक अट होती. रुग्णाला मशीनचा किमान दाब चालू हवा. मशीन नाही, रक्ततपासणी नाही, तर व्याख्येप्रमाणे तो आजारच नाही! आफ्रिकेत रवांडाची राजधानी किगाली, तिथल्या डॉक्टरांनी हे मोजून दाखवलं. त्यांच्या इस्पितळात बर्लिनच्या नियमाने एकही रुग्ण बसत नव्हता. त्यांनी मशीनची अट काढली, रक्ततपासणीऐवजी बोटावरचा ऑक्सिमीटर धरला, एक्स-रे नसेल तिथे सोनोग्राफी चालवली. तर दाखल झालेल्यांतल्या ४ टक्क्यांना हा आजार निघाला. त्यातले निम्मे दगावले होते. हा अभ्यास २०१६ चा. साथ येऊन गेल्यावर, २०२३ मध्ये, जगभरच्या तज्ज्ञांनी नवी व्याख्या केली आणि हे मान्य केलं. ऑक्सिमीटरचा आकडा भागिले ऑक्सिजनचं प्रमाण ३१५ किंवा कमी, तरी धरा. साधनं नसतील तिथे मशीनची अटही नको.

मी बसून मामांचा हिशेब केला. इथल्या मास्कवर ८८, ऑक्सिजन ८० टक्के धरला तर भागाकार ११०. नव्या नियमाची हद्द ३१५, हा आकडा तिच्या खूप खाली. म्हणजे मामा इथे, ह्या आपल्या हॉलमध्ये, पहिल्या रात्रीच ह्या आजाराच्या व्याख्येत बसत होते. मॅडमनी रेफरच्या चिठ्ठीत हेच आकडे लिहिले होते. फक्त ते मोजायला जगाला आणखी दोन वर्षं लागली.

चवदार तळ्याशेजारी वाढलेल्या माणसाला कागद आणि प्रत्यक्ष यातलं अंतर नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. पाणी ओंजळीत आलं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब स्वतः हजारो लोकांना घेऊन पायऱ्या उतरले तेव्हा. त्यावरही मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ ला. पाणी ओंजळीत येण्याआधीची तीन वर्षं नगरपालिकेच्या दप्तरात तळं खुलंच होतं. दवाखान्याच्या दप्तरातही व्हेंटिलेटर 'उपलब्ध' असतो.

तर त्या फोटोबद्दल. काल मी तिथे जाऊन आलो. मोबाईल खिशातच ठेवला. धूळ आहे, खरी आहे. मशीनची बॅटरी गेली आहे, देखभालीचा करार संपलेला आहे. एक सिस्टर म्हणाल्या, प्रशिक्षण झालं होतं, एक दिवसाचं, ऑनलाइन, आणि जे तिघे बसले होते ते तिघेही आता इथे नाहीत.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे. मशीन किती, हे विचारलेलं नाही. विचारलंय ते एवढं. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मिळून भूलतज्ज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती. रात्रपाळीला एका वॉर्डात सिस्टर किती. रक्तातला ऑक्सिजन तपासायची सोय कुठे आहे, आणि ती रात्री दोन वाजता चालू असते का. ऑक्सिजन प्लांट शेवटचा कधी चालवला. रेफर झालेला रुग्ण वरच्या दवाखान्यात पोचायला सरासरी किती वेळ लागला. आशाताईंकडच्या ऑक्सिमीटरमध्ये सेल कोण घालतं. हा शेवटचा प्रश्न अर्ज घेणाऱ्या क्लार्कने दोनदा वाचला.

मॅडमचा नंबर माझ्याकडे होता. साडेचार वर्षांत लावला नव्हता. काल रात्री लावला. मी नाव सांगितलं, त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मामांचं पुढे काय झालं? मला कुणी कळवलंच नाही.' मी सांगितलं. बातमीबद्दल माफी मागितली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, विषय बदलला, आणि अर्जात आणखी एक प्रश्न घालायला सांगितला, सेंट्रल लाइनमधला ऑक्सिजनचा दाब रोज कोण मोजतं आणि कुठे लिहून ठेवतं. पुरवणी अर्ज सोमवारी देतोय.

२०२१ ची रेफर चिठ्ठी कुणाच्या घरात पडून असेल तर मला दाखवा. नाव झाका, आकडे आणि वेळ तेवढी वाचता आली पाहिजे. उत्तर आलं की इथेच टाकतो, जसं येईल तसं. बातमी त्यानंतर.